केळीची रीफर गाडी भरायची तर: बागेपासून न्हावाशेवा बंदरापर्यंत सगळं सविस्तर

आमच्याकडे जळगाव जिल्ह्यात सावदा, फैजपूर, रावेर, यावल ह्या पट्ट्यात केळीची गाडी भरणं कोणाला शिकवावं लागत नाही, लहान पोराला पण माहिती असतं की घड कापला, केळीची पानं अंथरली, माल रचला, वरून ताडपत्री टाकली की गाडी दिल्लीच्या रस्त्याला लागली. पण रीफर गाडी म्हणजे फ्रीजवाली गाडी हे वेगळं काम आहे, आणि त्यात नुकसान होतं ते बहुतेक वेळा मशीन बिघडल्यामुळे नाही, तर आपण तिच्याकडून जे करून घ्यायला बघतो ते तिचं कामच नसतं म्हणून होतं. रीफर गाडी माल थंड करत नाही, थंड केलेला माल थंड ठेवते. एवढं ज्याला पक्कं समजलं त्याच्या अर्ध्या भानगडी कमी होतात, म्हणून सगळं त्याच अंगाने लिहितोय.

मी केळीचं लिहितोय कारण रोजचं काम तेच आहे, पण शहाद्याची पपई असो, दूध, आईस्क्रीम किंवा औषधं असो, गाडी भरायची पद्धत बरीचशी तीच राहते, फक्त आकडे बदलतात. केळीला १३ ते १४ अंश, पपईला १० ते १२ च्या आसपास, भेंडीला ७ ते १०, डाळिंबाला ५ ते ७, द्राक्षाला शून्याजवळ, दुधाला ४, बहुतेक लसींना २ ते ८ आणि आईस्क्रीमला उणे १८ किंवा त्याच्याही खाली. हे आकडे बघितले तरी कळतं की द्राक्षाच्या गाडीत उरलेल्या जागेत चार क्रेट केळी टाकून देऊ असं करता येत नाही, दोघांपैकी एकाचं वाटोळं ठरलेलं.

आधी ठरवा की रीफर लागते का

जवळच्या बाजारात, रात्रीतून पोचणारा माल असेल तर साध्या गाडीत जातो आणि वर्षानुवर्षं जातोय. रीफर लागते ती निर्यातीला, लांबच्या गावाला, आणि आमच्या उन्हाळ्यात, कारण मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो आणि उभ्या गाडीच्या डब्यात तर बघायलाच नको.

अजून एक वेळ असते जी बऱ्याच जणांच्या डोक्यात येत नाही, ती म्हणजे थंडी. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेला माल पाठवला आणि रात्री बाहेर ४-५ अंश असेल तर केळी गारठून काळी पडते. चांगलं रीफर मशीन गरम हवा पण सोडतं, १३.५ लावलं तर बाहेर ५ असताना ते आत ऊब धरून ठेवतं. म्हणून थंडीत रीफर कशाला असं म्हणू नका, पण गाडी ठरवताना मशीनमध्ये हीटिंग चालू आहे का हे विचारून घ्या, काही छोट्या गाड्यांमध्ये ते नसतं.

बागेत काय करायचं

कटाई पहाटे. उन्हात कापलेल्या घडाचा गर दुपारी ३५ च्या पुढे जातो आणि तेवढी गरमी नंतर विजेचं बिल भरून काढावी लागते. घड खांद्यावरून उतरवून जमिनीवर टेकवायचा नाही, फोमच्या गादीवर घ्यायचा, आणि बागेतून पॅकहाऊसला नेताना सावलीतून न्यायचा, वरून ओलं गोणपाट टाकलं तरी फरक पडतो. पिकायला लागलेलं एक पण फळ मालात येऊ देऊ नका. पिकणाऱ्या केळीतून इथिलीन वायू निघतो आणि तोच वायू बाकीच्या हिरव्या फळांना पिकायला लावतो, आणि बंद डब्यात तो कुठे जाणार, तिथेच फिरत राहतो. एका पिवळ्या फणीने आजूबाजूचे बॉक्स पिकवून टाकलेले मी पाहिलेत.

पॅकहाऊसला फण्या वेगळ्या करणं, तुरटीच्या पाण्यात चीक धुणं, पुसणं, वजन करून पॉलिबॅगमध्ये घालून १३-साडेतेरा किलोचा बॉक्स भरणं, हे काम आपल्याकडच्या बायाबापड्या इतक्या सफाईने करतात की त्यावर मी काय लिहिणार. मी फक्त बॉक्सबद्दल बोलतो. बॉक्सला भोकं असतात ती शोभेला नसतात, हवा त्यातूनच आत जाते, म्हणून स्टिकर किंवा टेप भोकावर मारू नका आणि स्वस्त मिळतो म्हणून मऊ पुठ्ठा घेऊ नका, ओलाव्याने तो खालच्या थरात बसतो आणि एकदा बॉक्स बसला की हवेची वाट बंद.

प्रिकूलिंग, इथेच सगळं ठरतं

बॉक्स भरला की तो थेट गाडीत नाही, प्रिकूलिंगच्या खोलीत. तिथे मोठे पंखे थंड हवा बॉक्समधून ओढून घेतात आणि गराचं तापमान १३.५-१४ पर्यंत उतरवतात. आमच्याकडे ८ ते १० तास लागतात, पॉलिबॅग घट्ट व्हॅक्यूम केलेली असेल तर जास्त, कारण हवा फळाला लागतच नाही. व्यापारी फोनवर घाई करतो, कंटेनर दारात उभा असतो, ड्रायव्हर हॉर्न मारतो, आणि इथेच माणूस म्हणतो की चला भरून टाकू, रस्त्यात होईल थंड. नाही होत. रीफरच्या मशीनची ताकद बाहेरून डब्यात येणारी गरमी आणि फळ श्वास घेतं त्याची गरमी बाहेर काढण्यापुरती असते, २० टन गरम माल १० अंश खाली आणण्याएवढी नसते. आमची एक गाडी २४ अंशावर भरली गेली होती, १४ तासांनी बंदराजवळ मधल्या बॉक्समधल्या फळाचा गर २१ निघाला, आणि डिस्प्लेवर मात्र पूर्ण वेळ १३.५ दिसत होतं. डिस्प्ले हवेचं तापमान सांगतो, केळीचं नाही.

केळीचं तापमान मोजायला टोकदार प्रोब थर्मामीटर घ्या, चारपाचशे रुपयांपासून मिळतो. खोलीच्या दाराजवळचा एक, मधला एक आणि सगळ्यात आतला एक असे बॉक्स काढा, फणीतलं मधलं केळं घ्या आणि प्रोब सालीतून तिरका गराच्या मध्यापर्यंत घुसवा. आकडा लगेच वाचू नका, तो आधी पळत असतो, १९, १७, १५, आणि मग एका जागी थांबतो, थांबला की लिहा. टोचलेलं केळं बॉक्समधून काढून टाका. दाराजवळचा १३.६ आणि आतला १६.८ आला तर खोली अजून दोन-तीन तास चालवायची, सरासरी काढून समाधान करून घ्यायचं नाही, कारण गाडीत सरासरी जात नाही, तो १६.८ वाला बॉक्सच जातो.

थर्मामीटर खरं बोलतो का ते महिन्यातून एकदा बघा. ग्लासभर बर्फाचा चुरा, तो भिजेल एवढंच पाणी, ढवळायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि प्रोब मध्यावर धरायचा, काचेला टेकू द्यायचा नाही. शून्य दाखवायला पाहिजे, अर्ध्या अंशाचा फरक चालतो, त्याच्या पुढे गेला तर बदला.

गाडी आली की आधी ती तपासा, मग हमाल बोलवा

गाडीत आधी काय माल होता ते विचारा आणि मग स्वतः आत जाऊन वास घ्या. मासे, कांदा, डिझेल ह्यांचा वास धुतला तरी राहतो आणि फळाला लागतो. आत उभं राहून दार बाहेरून लावायला सांगा, एक माणूस दाराशीच उभा ठेवा, आणि अंधारात बघा, कुठून उजेडाची रेघ आली तर तिथून गरम हवा पण येणार. दाराचं रबर बोटाने दाबून बघा, कडक झालेलं किंवा तुटलेलं असेल तर गाडी परत. फरशीच्या खाचा आणि पाणी जायची भोकं मोकळी पाहिजेत, मागच्या मालाचा पुठ्ठा त्यात अडकलेला असतो. छतावरची हवेची कापडी नळी फाटलेली नको. मशीनच्या टाकीतलं डिझेल स्वतः बघा, हे गाडीच्या डिझेलपासून वेगळं असतं, मशीन तासाला साधारण दोन-तीन लिटर खातं, त्या हिशोबाने पोचून वर काही तास उभं राहता येईल एवढं पाहिजे.

निर्यातीचा ४० फुटी कंटेनर असेल तर त्यावर पीटीआयचं (प्री-ट्रिप इन्स्पेक्शनचं) स्टिकर आणि तारीख बघा, म्हणजे रिकामा असताना मशीनची तपासणी झालेली आहे का ते. आणि ट्रेलरवर जेनसेट, म्हणजे मशीनला वीज देणारा डिझेल जनरेटर, आहे का, चालू होतो का. जेनसेटशिवाय कंटेनरचं मशीन रस्त्यात बंदच असतं, तो नुसता लोखंडी डबा.

मग मशीन रिकामं चालवा. अर्धा-पाऊण तासात हवा १३.५ च्या जवळ यायला पाहिजे, नाही आली तर गाडी नाकारा. भाडं ठरलेलं असतं, गाडी लांबून आलेली असते, ड्रायव्हर विनवण्या करतो, पण अशा गाडीत पाच-सहा लाखांचा माल घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आकडा लावताना

ही चूक मोठी आहे म्हणून वेगळं लिहितो. काही जुन्या मशीनवर फॅरेनहाइटमध्ये आकडा असतो. तिथे १३.५ लावलं म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे १० लावलं, पूर्ण गाडी दगड होते. केळीचे १३.५ अंश म्हणजे फॅरेनहाइटमध्ये साधारण ५६. तसंच अधिक-उणे चिन्ह बघा, आदल्या दिवशी आईस्क्रीम नेलेली गाडी असेल तर उणे चिन्ह तसंच राहिलेलं असू शकतं.

थोडं जास्त थंड लावू, वाटेत कामाला येईल, हा विचार पण करू नका. १२-१३ च्या खाली केळीला थंडीची इजा होते आणि ती तेव्हा दिसत नाही. आमच्याकडे एक माल परत आला होता, वाहतूकवाल्याने स्वतःच्या मनाने १० लावलं होतं. वरून हिरवागार, बघणाऱ्याला वाटेल पहिल्या नंबरचा माल. मी चाकूने सालीचा पातळ पापुद्रा खरवडला तर खाली तपकिरी रेघा, देठाकडून टोकाकडे गेलेल्या, जशा काही कोणी पेन्सिलने ओढल्या. रायपनिंग चेंबरला, म्हणजे पिकवायच्या खोलीत, लावल्यावर तो पिवळा झालाच नाही, राखाडी मळकट झाला आणि गर आतून कडकच राहिला. त्या शेतकऱ्याने वर्षभर सांभाळलेली बाग होती ती, आणि त्याला काय सांगायचं हे मला अजून सुचत नाही.

मशीन सतत चालू ठेवायचं, म्हणजे कंटिन्युअस मोड. डिझेल वाचवायचा बंद-चालू मोड फ्रोझन मालाला ठीक आहे, जिवंत फळाला नाही, कारण फळ श्वास घेतं आणि हवा थांबली की मधल्या बॉक्समध्ये गरमी साचते. कंटेनरला ताज्या हवेची खिडकी असते, केळीला ती उघडी पाहिजे म्हणजे इथिलीन आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, किती उघडी ते बुकिंग करतानाच तापमानासोबत लिहून घ्या. आर्द्रता ९० ते ९५ टक्के लागते, ती फळातूनच बरीचशी तयार होते.

भरणी

उन्हाळ्यात भरणी रात्री. कोल्ड रूमच्या दाराला गाडी टेकवायची सोय असेल तर डबा आधी थंड करून घ्या. उघड्यावरून माल न्यायचा असेल तर भरताना मशीन बंद ठेवा. हे ऐकून लोकांना पटत नाही, पण दार उघडं असताना मशीन चाललं की ते बाहेरची गरम दमट हवा आत ओढतं, कॉइलवर बर्फ धरतो, आणि दार लावल्यावर पहिला तास दोन तास मशीन बर्फ वितळवण्यातच घालवतं. दाराला प्लास्टिकचे पडदे लावा, बॉक्स कोल्ड रूममधून थोडे थोडे बाहेर काढा, १५०० बॉक्स एकदम ओट्यावर मांडून ठेवू नका. हमाल चार जास्त लावा, मजुरी वाढते पण दार दीड तासात लागतं.

रचताना हवेचा रस्ता डोळ्यासमोर ठेवा. साध्या रीफर ट्रकमध्ये थंड हवा वरून छताजवळून मागे जाते आणि मालातून खाली उतरून पुढच्या भिंतीशी परत येते, म्हणून माल छताला भिडवायचा नाही, पुढच्या भिंतीला चिकटवायचा नाही आणि मागच्या दाराशी वीतभर जागा सोडायची. कंटेनरमध्ये उलटं आहे, हवा खालच्या खाचांमधून येऊन वर चढते, म्हणून तिथे फरशी पूर्ण झाकली गेली पाहिजे, मध्ये मोकळी जागा राहिली तर सगळी हवा तिथूनच पळते, शेवटी जागा उरलीच तर पुठ्ठ्याने फरशी झाका. आतल्या भिंतीवर लाल रेघ असते, त्याच्या वर एक पण बॉक्स नाही. बॉक्सवर बॉक्स असा ठेवा की भोकावर भोक येईल आणि कोपऱ्यावर कोपरा, कोपराच वजन धरतो.

भरताना दर दोन-तीनशे बॉक्सनंतर एकाचा गर मोजा आणि आकडा लिहा. दोन डेटा लॉगर, म्हणजे तापमान नोंदवत राहणारी छोटी यंत्रं, टाका, एक मध्यावर, एक दाराशी, यूएसबीवाले स्वस्त मिळतात, बटण दाबून चालू झाल्याचं बघूनच टाका आणि कोणत्या बॉक्समध्ये टाकले ते लिहून ठेवा. दार लावा, सील मारा, सीलचा फोटो, डिस्प्लेचा फोटो, मशीन चालू.

कागद आणि ड्रायव्हर

बिल्टीवर, म्हणजे वाहतुकीच्या पावतीवर, लावायचं तापमान लिहिलंच पाहिजे: अधिक १३.५ अंश सेल्सिअस, मशीन सतत चालू. भरतानाचा गराचा आकडा, वेळ, सील नंबर पण तिथेच, आणि ड्रायव्हरची सही. उद्या भांडण झालं तर हाच कागद बोलतो, तोंडी काय ठरलं होतं ते कोणी ऐकत नाही. निर्यातीला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालात कीड-रोग नाही असा सरकारी दाखला) आणि बाकीची कागदपत्रं गाडी निघायच्या आधी तयार पाहिजेत, कागदासाठी बंदरावर थांबलेली गाडी डिझेल जाळत असते. विम्यात मशीन बंद पडून खराब झालेला माल धरला आहे का ते पॉलिसीत वाचा, साध्या ट्रान्झिट विम्यात ते असेलच असं नाही.

ड्रायव्हरला आपण भाड्याचा माणूस समजतो आणि तिथे चुकतो. पुढचे १२-१४ तास माल त्याच्या हातात आहे. त्याला चहा द्या, बसवा, आणि सांगा की आत काय आहे, ते श्वास घेतं, मशीन बंद झालं तर काय होतं. सावद्याहून भुसावळ, जळगाव, पारोळा, धुळे, मग मालेगाव, चांदवड, नाशिक, कसारा घाट उतरून न्हावाशेवा, हे साडेचारशे-पाचशे किलोमीटर आहेत. मी तीन ठिकाणं ठरवून देतो, धुळे, मालेगावच्या पुढे आणि घाटाच्या आधी इगतपुरी, तिथे थांबून डिस्प्लेचा फोटो व्हॉट्सॲपला टाकायचा. एकदा रात्री अडीचला मी ड्रायव्हरला फोन केला तर तो म्हणे, "भाऊ, काळजी नको करू, मशीन चालू आहे, हवा गार येई राहिली", आणि मागे धाब्यावरचा आवाज, मशीनचा आवाज नाही. तेव्हापासून तोंडी उत्तर घेत नाही, फोटोच मागतो, आणि फोटो वेळेवर पाठवणाऱ्याला भाड्याच्या वर तीनशे रुपये देतो, ते कुठल्याही जीपीएसपेक्षा जास्त काम करतात.

फोटोत परत येणाऱ्या हवेचा आकडा पण यायला पाहिजे. सोडलेली हवा १३.५ आणि परतीची १४.५ ठीक आहे. परतीची चढत चढत १६-१७ झाली तर आत माल गरम होतोय किंवा हवेची वाट बंद आहे.

मशीन बंद पडलं तर

पहिली गोष्ट, दार उघडायचं नाही. बघू या आत कसं आहे म्हणून दार उघडलं की जी थंडी शिल्लक होती ती पण गेली. गाडी सावलीत घ्या, वेळ आणि आकडा लिहा, सर्विसवाल्याला फोन लावा. नीट प्रिकूल केलेला, गच्च भरलेला माल काही तास दम धरतो, रात्री जास्त, मे महिन्याच्या दुपारी कमी. पण केळी स्वतः गरमी तयार करते म्हणून वाट बघण्याला मर्यादा आहे. मी दोन तासांची हद्द ठरवली आहे, तेवढ्यात मशीन चालू झालं नाही तर दुसरी रीफर बोलवायची किंवा जवळच्या कोल्ड स्टोरेजला माल उतरवायचा. धुळे, मालेगाव, नाशिक इथल्या अशा दोन-दोन जागांचे आणि मेकॅनिकचे नंबर हंगामाच्या आधीच वहीत लिहून ठेवा, रात्री तीनला शोधायला लागलात तर सापडत नाहीत.

कंटेनर असेल तर बंदरावर गेट कधी बंद होतं ती वेळ धरून उलटा हिशोब करा, कसाऱ्याला जाम लागला तर दोन-तीन तास सहज जातात. आणि जेनसेट काढल्यावर कंटेनर यार्डात विजेला जोडला गेला का हे आपल्या माणसाकडून विचारून घ्या, ह्या मधल्या वेळेत कंटेनर बंद राहतो आणि कोणाच्याच लक्षात येत नाही.

उतरवताना

माल घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: सील तोडण्याआधी फोटो, दार उघडल्याबरोबर दाराजवळच्या तीन बॉक्समधल्या गराचं तापमान, मग मध्यावर, मग सगळ्यात पुढे, आणि आकडे पोचपावतीवर लिहून ड्रायव्हरची सही. खराबी दिसली तर शेरा त्याच वेळी मारायचा, दोन दिवसांनी फोन करून सांगितलेल्या खराबीला वाहतूकवाला पण उभा राहत नाही आणि विमावाला पण नाही. लॉगर परत मागवा, तो लॅपटॉपला लावला की रेघ दिसते, कुठल्या वाजता तापमान चढलं आणि तेव्हा गाडी कुठे होती ते फोटोंच्या वेळेवरून जुळतं. मी प्रत्येक गाडीची ती फाइल बिल्टीच्या नंबराने जपून ठेवतो, आणि पुढच्या हंगामात भाडं ठरवायला तोच वाहतूकवाला आला की आधी ती फाइल उघडतो, मग भावाचं बोलतो.